दाबक्यांचं स्वस्तातलं पिस्तूल

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या जयप्रकाश दाबकेचा कशावरही पटकन विश्वास बसत नाही, आणि त्या न बसण्याचाच त्याला पगार मिळतो. चिप तयार करणारी अवाढव्य यंत्रं जिथे बनतात त्या कंपनीत तो आहे. यंत्र कधी बंद पडेल, का पडेल आणि पडलं तर खापर कोणाच्या माथी फोडायचं, हे आधीच शोधून ठेवणं त्याचं काम. कंपनीत याला रिलायबिलिटी म्हणतात. त्याची बायको पद्मजा याला संशयी स्वभाव म्हणते. घरात नवा मिक्सर आला की पहिला आठवडा त्यात चटणी होत नाही, नुसत्या चाचण्या होतात. कुकरची शिट्टी बदलली तर हा घड्याळ लावून ओट्यापाशी उभा. पद्मजा म्हणते, लग्नाआधी याने माझी काय काय चाचणी घेतली असेल देव जाणे.

असा माणूस पिस्तूल विकत घेतो म्हणजे काय करतो, ते ऐका.

आधी नावाचा घोळ. आणीबाणी उठली त्या वर्षी तो जन्मला, म्हणून समाजवादी वडिलांनी मोठ्या हौसेने जयप्रकाश हे नाव ठेवलं. वडील जन्मभर सूतकताईच्या गोष्टी सांगत गेले. मुलाने परदेशात जाऊन पिस्तूल घेतलं, ही बातमी पुण्याच्या घरातल्या त्यांच्या फोटोला अजून कोणी दिलेली नाही.

पण त्याचाही नाइलाज होता. फेल्डहोवनमध्ये इतकी वर्षं काढून जयप्रकाशला डच मित्र असा एकही नव्हता. ऑफिसातले सहकारी भले होते, पण त्यांच्याकडे कॉफीला जायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरवायची, आणि जेवणाची वेळ झाली की आपण होऊन उठायचं. महाराष्ट्र मंडळात गणपती आणि दिवाळीला माणसं भेटत, पण तिथे गप्पा घरांच्या किमतींच्या पुढे सरकत नसत. कॉलेजात एनसीसीमध्ये असताना त्याचा नेम बरा होता. गावाबाहेर शेतांच्या पलीकडे एक नेमबाजीचा क्लब आहे असं कळल्यावर तो एका शनिवारी सहज बघायला गेला आणि तिथलाच होऊन बसला.

या देशात पिस्तूल घेणं म्हणजे काही भाजी आणणं नव्हे. आधी वर्षभर क्लबचं पिस्तूल वापरायचं, नियमाने हजेरी लावायची. मग पोलीस तुमचा आगापिछा तपासतात, घरी येतात, भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी बघतात. जयप्रकाशने तिजोरी माळ्यावर बसवली, घर तापवणाऱ्या बॉयलरच्या शेजारी, कारण भिंत तिथे सर्वांत भक्कम होती. पोलिसांनी चहा घेतला, पद्मजाच्या शंकरपाळ्या खाल्ल्या आणि शेरा चांगला दिला.

परवाना हाती आला आणि पुढचे कित्येक महिने जयप्रकाश कुठलं पिस्तूल घ्यायचं याचा अभ्यास करत बसला. महागडी जर्मन पिस्तुलं त्याला परवडत होती, पण पटत नव्हती. महाग वस्तू चांगली चालली तर त्यात कोणाची हुशारी? शेवटी टूनने त्याला सोडवलं.

टून हा क्लबचा जुना सभासद. भूगोल शिकवून निवृत्त झालेला, बायको वारलेली, सत्तरी कधीच ओलांडलेला. क्लबची हत्यारं, निशाणाचे कागद, कुलपं-किल्ल्या सगळं तोच बघायचा. जयप्रकाशवर त्याचा जीव जडला होता, का ते विचारू नका. पहिल्याच हिवाळ्यात त्याने याला घरी सूप प्यायला नेलं, आणि सहा, म्हणजे इथली जेवणाची वेळ झाली तरी ‘बस रे, जेवूनच जा’ म्हणाला. डच माणसाच्या तोंडून आपल्या मावशीसारखं वाक्य ऐकून जयप्रकाश उठता उठता पुन्हा बसला होता. मग एक रविवार सोडून तो टूनकडे जाऊ लागला. टून त्याला जुने नकाशे दाखवायचा, हा टूनला पोहे करून घालायचा. एवढीच मैत्री, पण परदेशात एवढी मिळायलाही नशीब लागतं.

ऑगस्टमध्ये टून म्हणाला, ‘माझ्याकडचं छोटं पिस्तूल घे. पूर्व युरोपातल्या कुठल्याशा कारखान्यातलं आहे, दिसायला सामान्य, किमतीलाही सामान्य. पण मला त्याने कधी दगा दिला नाही. आता माझी नजर साथ देत नाही, एक कमी झालं तर बरंच.’

रीतसर कागद झाले, पिस्तूल दाबक्यांच्या माळ्यावर आलं. सगळा सप्टेंबर जयप्रकाशने ते क्लबात चालवलं. ते एकदाही अडकलं नाही. स्वस्त वस्तू इतकी बिनचूक कशी चालते याची त्याला रुखरुख लागली.

ऑक्टोबरात नवरात्र आलं. खंडेनवमीला दाबक्यांच्या घरी दरवर्षी पूजा होतेच, पण परदेशातल्या सगळ्या मराठी घरांसारखी: पाटावर दोन लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हरचा संच, पद्मजाची विळी आणि झेंडूऐवजी दुकानात मिळतील ती पिवळी फुलं. या वर्षी मात्र घरात खरंखुरं शस्त्र होतं. पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर हजर होती.

‘प्रकाश, नुसतं गंध-फूल वाहून भागत नाही रे. आपल्याकडे आजोबांच्या तलवारीला आधी तेल लावायचे. लोखंड आहे, त्याला तेलाचं बोट लावल्याशिवाय पूजा कसली?’

‘कुठलं तेल?’ जयप्रकाशने विचारलं.

‘खोबरेल, आणखी कुठलं,’ आई म्हणाली.

पडदे ओढून जयप्रकाशने पिस्तूल खाली आणलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि पद्मजाने न्हाणीघरातून आणून दिलेल्या बाटलीतलं खोबरेल लावलं. आईने बोटाने लावायला सांगितलं होतं, पण कामात हयगय करणं त्याच्या रक्तात नाही. त्याने पिस्तूल उघडलं, मऊ फडकं घेतलं आणि सांधा न् सांधा, खाच न् खाच मनोभावे माखून काढली. मग हळद-कुंकू, अक्षता, नमस्कार. आईचे डोळे पाणावले. पूजा झाल्यावर पिस्तूल पुन्हा तिजोरीत, बॉयलरच्या उबेला.

पुढचं सांगायला नको, पण जयप्रकाशला ते कळायला फेब्रुवारी उजाडला.

क्लबची शेड पत्र्याची. नोव्हेंबरात तिथे माणसं कोट घालून नेम धरतात. पिस्तुलाचं असं असतं की गोळी सुटली की वरचा पोलादी भाग मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं आत ढकलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हावं लागतं. जयप्रकाशच्या पिस्तुलाचा तो भाग आता सावकाश, आळस दिल्यासारखा सरकू लागला. दोन गोळ्या सुटायच्या, तिसरी अडकायची. घरी नेऊन माळ्यावर हाताने सरकवून बघावं तर लोण्यासारखं मऊ. क्लबात पुन्हा तेच.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? उघडून, पुसून, साफ केलं असतं. पण तुम्ही-आम्ही रिलायबिलिटीत नाही. चाचणी चालू असताना यंत्राला हात लावायचा नाही, हा जयप्रकाशचा धर्म. हात लावला की पुरावा जातो. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर त्याने पिस्तूल मुद्दाम जसंच्या तसं ठेवलं आणि प्रत्येक शनिवारी सगळ्याची नोंद केली. काडतुसं कुठली, हवा किती दमट, शेडमधलं तापमान काय, पकड कशी, सगळं. नोंदवलं नाही ते एकच: खंडेनवमी. पूजा हा काही बदल थोडाच असतो, पूजा ती पूजा.

आकडे स्पष्ट होते. जितकी थंडी जास्त, तितकं पिस्तूल जास्त अडकत होतं. म्हणजे धातू हलका, जुळणी ढिसाळ, थंडीत आक्रसणारं स्वस्त काम. इथवर ठीक होतं. पण जयप्रकाशचं डोकं तिथे थांबायला शिकलेलंच नाही. टूनने हे पिस्तूल कित्येक हिवाळे वापरलेलं. मग त्याला हे माहीत असणारच. आणि त्याने ते विकलं कधी? भर उन्हाळ्यात.

जानेवारीत क्लबच्या कॅन्टीनमध्ये नव्या वर्षाची बिअर असते. जयप्रकाशने अध्यक्ष योसला विचारून, एरवी फुटबॉल बघायच्या त्या पडद्यावर आपला अहवाल लावला. सभासदांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू. तापमानाची निळी रेघ खाली जात होती, बिघाडाची लाल वर चढत होती. माणसं हातातली तळलेली क्रोकेट खायची विसरली. शेवटच्या पानावर त्याने लिहिलं होतं: आधीच्या मालकाला हा दोष माहीत नसणं संभवत नाही, विक्री ऑगस्टमध्ये झाली. असली वाक्यं तो ऑफिसात दर आठवड्याला लिहितो. माल पुरवणारे दुसऱ्या दिवशी स्वतःचा आलेख घेऊन येतात, भांडतात, कॉफी पितात, कोणाचं काही बिघडत नाही.

टून काही माल पुरवणारा नव्हता. तो पहिल्या रांगेत बसला होता, कौतुकाने, आपला मित्र बोलतोय म्हणून. शेवटचं पान त्याने दोनदा वाचलं. मग ग्लास खाली ठेवला, कोट चढवला आणि सगळ्यांना मान लववून निघून गेला. कोणी त्याला थांबवलं नाही. जयप्रकाशही नाही, कारण प्रश्नोत्तरं चालू होती.

रविवारी तो सवयीने टूनकडे गेला. दार उघडलं नाही. त्याला वाईट वाटलं, थोडा रागही आला. खरं बोललेलं माणसांना सोसत नाही, असं तो पद्मजाला म्हणाला. ‘तू त्याला आधी एकट्याला विचारलं का नाहीस?’ एवढंच पद्मजाने विचारलं. पुरावा असताना विचारायचं काय, हे त्याने तिला समजावून सांगितलं. तिला ते समजलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याला न्हाणीघरात खोबरेलची बाटली दिसली. आत सगळं पांढरंफेक, गोठलेलं. पद्मजा ती नेहमीप्रमाणे रेडिएटरवर ठेवत होती.

‘हिवाळाभर हाच ताप,’ ती म्हणाली. ‘इथे ठेवलं तर पाणी, तिकडे ठेवलं तर दगड.’

जयप्रकाश दात घासत होता. त्याचा हात थांबला. तो तसाच फेसाळल्या तोंडाने माळ्यावर गेला, तिजोरी उघडली, पिस्तूल उघडलं आणि नाकाजवळ नेलं. त्याला पुण्यातली आई आठवली, शाळेचा तेल चोपडलेला भांग आठवला आणि मग टून आठवला. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला.

पद्मजा मागोमाग वर आली होती. तिने एकदा पिस्तुलाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि कपाळाला हात लावला. ‘जा, टूनला सांग,’ ती म्हणाली. ‘आत्ता जा.’

‘जातो,’ जयप्रकाश म्हणाला.

आणि गेला नाही. आधी त्याने पिस्तूल स्वच्छ केलं. मग म्हटलं, ते नीट चालतं का ते बघू, खात्री करून मग सांगू. शनिवारी शेडमध्ये कडाक्याची थंडी होती आणि पिस्तूल सप्टेंबरात चालायचं तसंच चाललं. योसने पाठीवर थाप मारली. क्लबात जयप्रकाशचा जेपी झालेला होता. ‘जेपी, तू ते दुरुस्त केलंस? कसं केलंस?’ सगळे गोळा झाले. जयप्रकाशने तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, ‘थोडं काम करावं लागलं.’ खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं. त्याला स्वतःचीच शरम वाटली, पण माणसं इतक्या आदराने बघत होती की शरमेला पुढे यायला जागाच मिळाली नाही.

पुढच्या शनिवारी सांगू असं म्हणता म्हणता मार्च गेला. टून जानेवारीपासून क्लबात फिरकला नव्हता, म्हणून एप्रिलच्या वार्षिक सभेत क्लबच्या हत्यारांची देखभाल एकमताने जेपीकडे आली. टाळ्या झाल्या. किल्ल्यांचा जुडगा त्याने हातात घेतला. त्या जुडग्याला टूनने अडकवलेला लहानसा पितळी पृथ्वीगोल होता. घरी पद्मजाने तो बघितला आणि त्या रात्री ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. ही शिक्षा त्याला कुठल्याही पोलिसापेक्षा जड जाते.

शेवटी मे महिन्यात तो टूनच्या दारात उभा राहिला आणि दार उघडेपर्यंत बेल दाबत राहिला. टून वाळला होता. त्याने याला आत घेतलं, खुर्ची दिली. जयप्रकाशने सगळं सांगितलं. पूजा, तेल, बॉयलर, न्हाणीघर, आणि फेब्रुवारीपासून मूग गिळून गप्प बसणंही. सांगताना डच शब्द सापडेनात, तेव्हा इंग्रजीत सांगितलं.

टून रागावला असता तर बरं झालं असतं.

‘त्या संध्याकाळी मी घरी येऊन आठवत बसलो,’ तो म्हणाला. ‘थंडीत ते कधी अडकल्याचं मला आठवत नव्हतं. पण हल्ली मला बरंच काही आठवत नाही. म्हटलं, जेपीचे आकडे आहेत, चुकायचे नाहीत. म्हणजे माझंच डोकं गेलं. आणि ज्याला स्वतःच्या आठवणीचा भरवसा नाही त्याने घरात हत्यार ठेवू नये. माझी दोन्ही पिस्तुलं मी पोलिसांकडे जमा केली. परवानाही.’

जयप्रकाशला रडू कोसळलं. पन्नाशीला आलेला माणूस परक्याच्या दिवाणखान्यात रुमाल शोधत रडला. टूनने त्याला स्वयंपाकघरातला कागद आणून दिला.

‘मला सांगितलंस ते बरं झालं,’ टून म्हणाला. ‘पण बोललास तू चारचौघांत. मी फसवलं नाही आणि माझं डोकं ठीक आहे, हेही चारचौघांत सांगशील का? दुकानात भेटतात तेव्हा माणसं माझ्याकडे बघत नाहीत.’

जूनच्या पहिल्या शनिवारी जयप्रकाश टूनला गाडीत घालून क्लबात घेऊन गेला. सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, काही लपवलं नाही. पिस्तूल उत्तम होतं, टून खरा होता, चूक माझी, असं स्पष्ट डचमध्ये तो म्हणाला, घरी पाठ करून आला होता. माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग योस उठला आणि भरल्या आवाजात म्हणाला, ‘जेपी, तू फार भला माणूस आहेस. म्हाताऱ्या मित्रासाठी कोणी एवढं करत नाही.’ टाळ्या पडल्या.

जयप्रकाशला क्षणभर कळेना. मग कळलं. त्या दिवशी आलेख होता, आज नुसती नारळाच्या तेलाची आणि देवपूजेची गोष्ट होती. त्यांच्यापैकी कोणीही असली गोष्ट खरी मानणार नव्हतं. टूनला सांभाळून घ्यायला याने ती रचली, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

‘थांबा,’ तो म्हणाला. ‘दाखवतो.’

बाटली त्याने बरोबर आणलीच होती. शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत, त्याने पिस्तूल उघडून खंडेनवमीला लावलं होतं तसंच तेल लावलं, खाच न् खाच. मग कानावर संरक्षक चढवले आणि नेम धरला. जन्मभर वस्तू बंद पडू नयेत म्हणून झटलेला माणूस मनातल्या मनात पिस्तुलाला विनवत होता, आता अडक, एकदा तरी अडक.

बाहेर ऊन रणरणत होतं. आठवडाभर उन्हाळ्याची लाट होती आणि पत्रा असा तापला होता की माणसं बनियनवर उभी होती. बाटलीतलं खोबरेल पाण्यासारखं पातळ होतं. पिस्तूल पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत इतकं सुरेख चाललं की मागे कोणीतरी शीळ घातली. त्याने पुन्हा मॅगझिन भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

‘बघ,’ योस म्हणाला, ‘तेलाचा काही संबंधच नाही. तुझी दुरुस्तीच पक्की आहे.’

‘थंडी लागते त्याला,’ जयप्रकाश म्हणाला. ‘बर्फ आणा, कॅन्टीनमध्ये असेल. बर्फाच्या पिशवीत ठेवून दाखवतो.’

योसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘आता तू ते मुद्दाम बिघडवायला निघालास, जेपी. पुरे. टूनवर इथे कोणाचा राग नाही. वय होतं प्रत्येकाचं, सांगायचं राहून जातं.’ आणि त्याने टूनकडे बघून फार मायेने, फार मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, ‘काही थंड घेणार का, टून?’

टून नको म्हणाला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. जयप्रकाश पिस्तूल पेटीत बंद करून, कुलूप लावून त्याच्याशेजारी येऊन बसला. त्याच्या बोटांना खोबरेलचा वास येत होता.

‘नोव्हेंबर येऊ दे,’ तो म्हणाला. ‘थंडी पडली की पहिल्याच शनिवारी दाखवतो. सगळ्यांसमोर. शपथ घेऊन सांगतो, टून.’

टूनने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

‘थंडी फेब्रुवारीतही होती,’ तो म्हणाला, आणि उठून गाडीकडे चालायला लागला.